दयारामनं भरलेला खड्डा

साहेब येणार म्हटलं की दयारामचे हात शिवशिवायला लागत. अख्खी नोकरी त्यानं रेल्वेच्या रुळांवर गँगमन म्हणून काढली, आणि त्याच्या गँगची रीतच तशी होती. तपासणी निघाली की रुळाकडेच्या दगडांना चुना मारायचा, पाट्या पुसायच्या आणि जे तुटकं-फुटकं असेल ते झुडपाआड सारायचं. रिटायर होऊन रायपूरजवळच्या बीरगावात घर बांधलं तरी खोड काही सुटली नाही. पाहुणा येणार म्हटलं तरी हा बुवा कुंड्यांना गेरू लावून मोकळा!

त्याची पोरगी दीक्षा इंजिनियर. नोकरी सोडून तिनं घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये रस्त्यात बसवायचे पेव्हर बनवायला घेतले होते. पण खडीऐवजी, पोलाद कारखाने भट्टीतून काढून फेकतात ती स्लॅग, म्हणजे धातूची मळी, वापरून. सरकार मोजक्या उद्योगांतल्या संशोधनाला पैसे देतं, त्यात पोलाद वरच्या नंबरावर. पहिला हप्ता तिला मिळाला होता. दुसरा द्यायचा की नाही, ते सरकारी समिती येऊन ठरवणार होती. नाही मिळाला तर शेडला कुलूप आणि पुन्हा दुसऱ्याची चाकरी, हे तिनं घरात सरळ सांगून टाकलं होतं.

तपासणीआधी दीक्षा आठवडाभर भिलाईला, प्रयोगशाळेत. दयारामला रान मोकळं. त्यानं शेडला चुना मारला, दाराला गेरू मारला, आणि मग त्याची नजर गेली मागच्या ढिगाकडे. फुटलेले, तडकलेले, कोपरे उडालेले, रंग बिघडलेले पेव्हर. साहेबानं हे पाहिलं तर संपलंच की सगळं! गल्लीच्या तोंडाशी ट्रकांनी पाडलेला मोठा खड्डा होता. त्यानं सगळा ढीग तिथं नेऊन शिस्तीत बसवून टाकला. बायकोनं, सुशीलानं विचारलंही, पोट्टीले इचारलं का म्हणून. तुले साहेब लोकाईचं काय समजते, म्हणाला.

दीक्षा परतली आणि पाठोपाठ समितीची गाडी. चुन्याकडे पाहून ती काही बोलणार, तोवर पाहुणे आत. समितीच्या मोठ्या मॅडमनी चांगले पेव्हर हातात घेतले, ठेवले, आणि विचारलं, बिघडलेले कुठं आहेत? चांगला माल कोणीही बाजारातून आणून मांडेल. काय फुटलं आणि काहून फुटलं, ते पाहिल्याशिवाय संशोधन झालं हे मानायचं कसं?

दीक्षा मागं गेली. जागा झाडून लख्ख. तिनं शेडभोवती एक फेरी मारली, ढीग कुठंच नाही. दयारामला गप्प बसता आलं असतं. जन्मभर तेच तर केलं होतं. पण पोरीचा चेहरा त्याला पाहवेना.

"मॅडम, मीच लपवले," तो म्हणाला. "चला, दाखवतो."

लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन तो पुढं, मागं सगळी वरात. येणारे ट्रक त्यानं जुना लाल गमछा हलवून थांबवले आणि खड्डा उकरायला बसला. दीक्षा ओल्या मालावरच खिळ्यानं नंबर कोरत असे, म्हणून तुकड्यांची ओळख पटत गेली. काहींचा ट्रकांखाली पार भुगा झाला होता. पण एका खेपेचे, रंग कळकट आला म्हणून दीक्षानं बाजूला टाकलेले, होते तसेच. त्यांना ओरखडासुद्धा नाही. मॅडम साडी सावरून धुळीत उकिडव्या बसल्या. यात काय घातलं होतं, असं विचारू लागल्या. दीक्षा आधी अडखळली, मग अशी सुटली की थांबेचना. दयारामला त्यातलं फारसं कळलं नाही, पण ऐकून त्याचं पोट भरलं.

दुसरा हप्ता मंजूर झाला. शेड चालू राहिली. त्या संध्याकाळी दीक्षानं बापाला चांगलं फैलावर घेतलं, आणि मग चहा करून आणला. तेव्हापासून फुटका माल सांभाळायचं काम दयारामकडे. रोज गमछ्यानं पुसून, नंबर वर करून, तो ओळीत लावतो. रुळाकडेचे दगड लावायचा, अगदी तसा.

परवा रायपूरच्या कॉलेजातले मास्तर शेड पाहायला आले. दीक्षा त्यांना आत नेत होती, तर हा दारातच आडवा.

"आत मंग जा," म्हणाला. "पहिले माह्ये फुटलेले पाहा."