रेक्टरच्या खोलीतले दोन बाप

जूनमध्ये मी सांगलीला निघालो तेव्हा आमची मेंढरं नुकतीच कृष्णाकाठावरून माण तालुक्यात परतली होती. आबांनी माझी पत्र्याची ट्रंक दहिवडीच्या स्टँडपर्यंत डोक्यावर वाहिली. एसटी सुटताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. शिकायचं आन् यायचं." आमच्या वस्तीवरून कॉलेजात जाणारा मी पहिला. हे मी आजही छाती काढून सांगतो. कुणाला शेखी वाटली तर वाटू दे.

वस्तीवर राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, मी शिकून परत का आलो नाही हे तुम्ही फार वेळा विचारलंत. नोकरी, असं सांगून मी वेळ मारून नेली. खरं ते आता सांगतो.

हॉस्टेलात माझ्या खोलीत विलास होता. इस्लामपूरचा, वडील हायस्कूलला मास्तर. वर्गात इंग्रजीतून शिकवलेलं माझ्या डोक्यावरून जायचं, ते तो रात्रीच्या जेवणाआधी मराठीत फोडून सांगायचा. त्याच्यामुळंच मी पहिल्या वर्षी पास झालो. दुसऱ्या वर्षी गॅदरिंगच्या एकांकिकेत त्यानं बाईचं काम केलं, आणि इतकं चांगलं केलं की तेच त्याला नडलं. पोरं त्याला वहिनी म्हणू लागली. मेसमध्ये मला हाक यायची, "दादा, वहिनी रुसल्यात, त्यास्नी आमटी वाढा की." आधी विलासही हसायचा. मग आमच्या टेबलावर कुणी बसेना झालं. नळावर आमची बादली लाथेनं बाजूला जाऊ लागली. आमच्यात जे होतं त्याला आमच्याजवळ शब्द नव्हता. त्यांच्याजवळ शिव्या होत्या.

परीक्षा तोंडावर आली असताना एका दुपारी कुणीतरी दाराच्या वरच्या झडपेतून डोकावलं. आम्ही दोघं एका कॉटवर होतो. दुसऱ्याच दिवशी रेक्टर सरांनी दोन्ही घरी निरोप धाडले. आम्हाला काही विचारलं नाही. त्या माणसाला आमचं वाईट करायचं नव्हतं, हेही सांगतो. पोराचं काही झालं की बापाला बोलवायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

आबा मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून, कराडजवळच्या तळावरून तसेच आले. मुंडासं, खांद्यावर घोंगडं. शेजारच्या खुर्चीत विलासचे वडील, इस्त्रीच्या सदऱ्यात. सरांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला आणि म्हणाले, "तुमची मुलं एका कॉटवर झोपतात."

आबा पुढचं ऐकायला थांबले. पुढं काही येईना तेव्हा म्हणाले, "मग? आमी तळावर एका घोंगड्यात चौघं झोपतो."

"तसं नाही हो," सर म्हणाले. "खोलीत दोन कॉट आहेत."

"मंग एक मोकळी राहती, आसं म्हनता व्हय? त्याचं भाडं जास्त पडतंय काय?"

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आबांसारख्या माणसापुढं ती गोष्ट नाव घेऊन सांगायची त्यांना लाज वाटली. आबा उठले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि विलासकडं बघून म्हणाले, "दोस्ती हाय, चांगलं हाय. परमुलखात कुणीतरी लागतंय." आणि मेंढरं खोळंबलीत म्हणून निघून गेले.

विलासच्या वडिलांना मात्र पहिल्याच वाक्यात सगळं कळलं होतं. ते शिकलेले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "सामान बांध."

मी सरांकडं गेलो. म्हटलं, त्याला परीक्षेपुरतं तरी राहू द्या, मी दुसऱ्या खोलीत जातो, नाहीतर मला काढा. ते म्हणाले, "तुझं निभावलंय. गप पेपर दे." पेपरच्या वेळी विलासचा बाक रिकामा राहिला. सुपरवायझरनं त्याच्या नंबरापुढं रोज लाल रेघ मारली.

सुट्टीत मी इस्लामपूरला त्याच्या घरी गेलो. मास्तरांनी दारातच तांब्या दिला. विलास साखर कारखान्यात लागलाय, पुढच्या महिन्यात लग्न आहे, असं म्हणाले. आतून त्याचा खोकला ऐकू येत होता. "तो घरात नाही," मास्तर म्हणाले. मी पाणी प्यायलो आणि स्टँडवर आलो. त्यानंतर मी त्याला पाहिलेला नाही.

मी पदवी घेतली. आधी पुणे, मग बेंगलोर. सॉफ्टवेअर, डेडलाइन, सोसायटीची मीटिंग, दुकानदाराशी मोडकं कन्नड. गेली कैक वर्षं मंजुनाथ आणि मी एकत्र राहतो. मागं सांगलीहून एका तरुण प्राध्यापिकेचा फोन आला. अशा मुलांसाठी कॉलेजात समिती करतोय, सुरुवात कशानं करू, तुम्ही जुने विद्यार्थी. भिंतीवर पोस्टर लावायचं त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, लावा. पण त्याआधी नियम करा, पोराला विचारल्याशिवाय त्याच्या घरी कळवायचं नाही. आणि परीक्षा होईतो कुणालाही त्याचं सामान बांधू द्यायचं नाही. त्या म्हणाल्या, हे प्राचार्यांना पटवणं अवघड आहे.

आबा जाईपर्यंत विचारायचे, "त्यो तुझा मास्तराचा पोरगा कुठं असतोय? आन की एकदा तळावर." मी म्हणायचो, आणतो. त्यांनी मला वाचवलं होतं, आणि कशापासून वाचवलं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते सांगायला गेलो असतो तर मला विलासच्या वडिलांसारखा बाप मिळाला असता का, ते मला माहीत नाही. सांगून बघायचं धाडस मला कधी झालं नाही.

आता वर्षातून एकदा येतो. मंजुनाथ गाडी चालवतो. साताऱ्यापर्यंत आम्ही दोघं असतो. तिथं तो लॉजवर उतरतो आणि मी एसटी धरून पुढं येतो. घर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर माझ्यासाठी ते साताऱ्याच्या लॉजपासून वस्तीपर्यंतचं अंतर आहे. या टोकाला नाही, त्या टोकालाही नाही.

आई दारात उभी असते. माझ्या मागं रस्त्याकडं बघते आणि म्हणते, "येकटाच आलास व्हय?"

मी व्हय म्हणतो.