खिडकीतले भाऊजी

वहिनी त्यांना भाऊजी म्हणायची, म्हणून सगळं सेंटर त्यांना भाऊजी म्हणायला लागलं. पिझ्झावाला म्हणायचा, नूडलवाली म्हणायची, झाडांना पाणी घालणारा माळी म्हणायचा. एकदा तर एटीएमपाशी बसलेला रखवालदार "ओ भाऊजी, कार्ड विसरलात!" असं ओरडला, तेव्हा थोरल्या भावाने गुपचूप किती संसार थाटले होते कोण जाणे, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं.

भाऊजींची उभी हयात पाणीपट्टीच्या खिडकीआड गेली. बाहेरची माणसं तावातावाने बोलायची, भाऊजी शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "पुढचे." लग्न राहून गेलं. का, असं कुणी विचारलं तर "विषय निघाला नाही" एवढंच सांगायचे. थोरला भाऊ वारला तेव्हा घरात ते, वहिनी आणि पुतणी अशी तीन माणसं उरली. वहिनी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक बघायची. कारखाना बंद पडला, तेव्हा तिने सगळी पुंजी गोळा केली आणि गावाबाहेर नव्याने उभ्या राहिलेल्या सेंटरमध्ये स्वतःचं हॉटेल काढलं.

सेंटर म्हणजे एक फरसबंद चौक, मध्ये कारंजं, भोवती दुकानं आणि दुकानांच्या डोक्यावर फ्लॅट. फ्लॅटमध्ये माणसं अजून यायची होती. कारंज्यात पाणी यायचं होतं. झाडं आली होती, पण तीही काठीला बांधलेली, दवाखान्यातून नुकतीच सुटल्यासारखी. तीन हॉटेलं मात्र आली होती: वहिनीचं, शेजारी पिझ्झावाल्याचं आणि समोर नूडलवालीचं. तिन्ही चकाचक, तिन्ही रिकामी.

रिकाम्या हॉटेलात माणूस शिरत नाही. दारापर्यंत येतो, काचेतून डोकावतो, आत नुसत्या खुर्च्या बघतो आणि घड्याळ पाहिल्यासारखं करून पुढे जातो. वहिनीने हे आठवडाभर पाहिलं. मग म्हणाली, "भाऊजी, घरी नुसते बसता, ते इथे येऊन बसा. त्या खिडकीत. आणि खा."

"काय खाऊ?"

"जे वाढीन ते."

भाऊजी बसले. खाल्लं. त्यांना बघून एक जोडपं आत आलं, मग एक बाई दोन मुलांना घेऊन आली. दुसऱ्या दिवशी पिझ्झावाला दारात उभा. त्याचं बोलणं नेहमी अजिजीचं. "वहिनी, एक विनंती होती. भाऊजींना अर्धा तास द्याल का? संध्याकाळच्या आत परत आणून सोडतो." वहिनीने वाटीभर साखर द्यावी तसे भाऊजी दिले. मग नूडलवाली आली. ती मागत नसे, सरळ उचलत असे. "चला भाऊजी, उठा! इकडे किती वेळ झाला? आमची खिडकी काय पाप करून आली आहे?"

अशा रीतीने भाऊजी तिन्ही हॉटेलांचे गिऱ्हाईक झाले. ऑफिसला जायचे त्याच शिस्तीने जायचे: केस विंचरून, शर्ट खोचून. नूडल ओढताना अंगावर उडालेलं दिसू नये म्हणून नूडलवालीने त्यांना काळा शर्ट घ्यायला लावला. "पांढऱ्यावर डाग दिसले की लोकांना वाटतं, इथे माणसं सांडतात."

असं सगळं छान चाललं होतं, तोवर फुटफॉलसाहेब आले.

हे सेंटरचे व्यवस्थापक. चौकात दिवसाला किती माणसांचे पाय लागतात याला ते फुटफॉल म्हणत, आणि दर वाक्यात एकदा तरी म्हणत. कारंज्याच्या कठड्यावर एक पाय ठेवून त्यांनी तिघांना जमवलं. "बघा, आपल्याला चौक व्हायब्रंट करायचा आहे. फुटफॉल आहे, नाही असं नाही, पण व्हायब्रंट फुटफॉल नाहीये. बुटांची एक मोठी कंपनी येतेय. त्यांना जागा लागणार. तर तिघांपैकी एकाला आपण, म्हणजे, निरोप द्यायचा आहे. कुणाला, ते महिनाअखेरीस ठरवू. ओके? छान."

"छान काय त्यात?" नूडलवालीने विचारलं. पण साहेबांचा पाय तोवर कठड्यावरून उतरला होता.

त्या दिवसापासून भाऊजींची ओढाताण सुरू झाली. पिझ्झावाला अर्ध्या तासाची बोली विसरून सकाळीच नंबर लावायला लागला. वहिनी मात्र निर्धास्त होती. घरचा माणूस, आपल्याकडेच जीव ओतणार. पुतणीने तिचा हा भ्रम दूर केला. पुतणी गल्ल्यावर बसायची आणि तिच्या नजरेतून माशी सुटत नसे.

"आई, काकांना बघ जरा. समोर."

समोर, नूडलवालीच्या खिडकीत, भाऊजी डोळे मिटून खात होते. भुवया वर गेल्या होत्या. एक घास संपवून ते खुर्चीला टेकले आणि छताकडे बघून असे हसले, की बाहेरून चाललेले दोघे जण थबकले आणि सरळ आत शिरले.

"आता आपल्याकडचे काका," म्हणत पुतणीने तोंड करून दाखवलं. डोळे समोर, ओठ बंद, जबडा तेवढा हलतोय. अगदी पासपोर्टच्या फोटोतला माणूस चघळत असावा तसं.

 दुपारी वहिनीने भाऊजींसमोर ताट ठेवलं ते जरा आवाज करून. भाऊजी खाऊ लागले. ती समोर उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय झालं, वहिनी?"

"काही नाही. खा. डोळे मिटावेसे वाटले तर मिटा."

भाऊजींनी मिटले. पण मिटायचे म्हणून मिटलेले डोळे ते, दातांच्या डॉक्टरकडे मिटतात तसले. पुतणी गल्ल्याखाली वाकून हसली.

महिनाअखेर आली आणि साहेब थेट वहिनीच्या हॉटेलात शिरले. खिडकीत भाऊजी जेवत होते. साहेब त्यांच्या समोरची खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी भाऊजींचा हात हातात घेतला.

"सर, आम्ही चौकातला कॅमेरा रोज बघतो. तिन्ही हॉटेलांत नेमाने जेवणारे तुम्ही एकटेच आहात. आमचे सगळ्यात निष्ठावान ग्राहक! म्हणून मी ठरवलं, कुठलं हॉटेल बंद करावं हे तुम्हालाच विचारायचं. तुम्ही तटस्थ माणूस."

पाण्याचा जग घेऊन वहिनी मागे येऊन थांबली. पुतणी गल्ल्यावरून अर्धी उठली. भाऊजींनी आधी ताटाकडे पाहिलं, मग काचेतून समोरच्या नूडलवालीकडे. ती टेबलं पुसत होती. 'पिझ्झा' एवढा एकच शब्द बोलायचा होता. तेवढ्यावर वहिनीचं हॉटेल वाचणार होतं. पण खिडकीआड बसून भाऊजींनी आयुष्यात खोटी पावती फाडली नव्हती.

"हेच बंद करा," ते म्हणाले.

साहेब आनंदले. "छान! कारण?"

"इथलं मला घरीही मिळतं."

"घरी?" मागून वहिनी कडाडली. "आजपासून घरीही विसरा! साहेब, हे माझे दीर आहेत. सख्खे. मी यांना रोज गरम वाढते, आणि हे माझ्या दुकानाला टाळं लावायला निघालेत!"

साहेबांनी भाऊजींचा हात सोडला.

"वहिनी, जेवणाला मीठ नाही," भाऊजी म्हणाले.

"काय?"

"मीठ नाही. दादाला बीपी निघालं तेव्हा तुम्ही कमी केलंत ना, तेव्हापासून."

वहिनीने जग टेबलावर ठेवला. "तुमचा दादा जाऊन किती वर्षं झाली, भाऊजी."

"हो. तुम्ही वाढवलं नाहीत. मला वाटलं, तुम्हाला वाढवायचं नसेल. मग मी कसं मागणार?"

 कँटीनमध्ये टेबलाटेबलावर मीठदाणी असे, जो तो आपलं घालून घेई. इथे वहिनीने टेबलांवर मुद्दाम फुलं ठेवली होती. मीठदाणी म्हणजे स्वयंपाकिणीचा अपमान, असं तिचं मत.

साहेबांनी भाऊजींच्या ताटातला भात बोटाने चाखला. "खरंच नाहीये," ते म्हणाले.

वहिनीने ताट उचललं आणि आत गेली. भांडी आपटल्याचे आवाज आले, मग कढईत काहीतरी चरचरलं. ती नवं ताट घेऊन आली. भाऊजींसमोर ठेवलं. तिघांचे डोळे त्यांच्या तोंडावर. भाऊजींनी घास घेतला, चावला, गिळला.

"आता?" वहिनी म्हणाली.

"आता जास्त झालं."

"मुकाट्याने खा."

खाल्लं. साहेब जाताना म्हणाले, नातेवाइकाचं मत नियमात धरता येत नाही, आणि यापुढे भाऊजींनी कुठल्याच खिडकीत बसू नये, त्याने फुटफॉल खोटा पडतो. निकाल एक महिना पुढे गेला.

त्या महिन्यात भाऊजी वहिनीच्या मुदपाकखान्यात स्टुलावर बसले. प्रत्येक भांडं उतरवायच्या आधी वहिनी चमचा पुढे करायची आणि ते "घाला", "थांबा" किंवा "बास" म्हणायचे. हळूहळू गिऱ्हाईक दुसऱ्यांदा यायला लागलं. पिझ्झावाल्याने जिममधल्या मास्तरांना फुकट खाऊ घालून खिडकीत बसवलं. मास्तर नातेवाईक नव्हते, त्यामुळे नियमात बसत होते. नूडलवालीने कुणालाच बसवलं नाही. "भाऊजींची सर कुणाला यायची?" म्हणाली, आणि खिडकीत कुंडी ठेवली. कुंडीला बघून कुणी आत येत नाही.

बुटांची कंपनी तिच्या जागी आली.

नूडलवाली निघाली त्या दिवशी भाऊजींनी काळा शर्ट घातला आणि तिच्या खुर्च्या टेम्पोत चढवू लागले. एक खुर्ची हातात, दुसरी डोक्यावर. नूडलवाली टेम्पोच्या फळीवर बसून दोरी वळत होती.

"खरं सांगा भाऊजी, तिघांत कुणाचं आवडायचं?"

भाऊजींनी खुर्ची खाली ठेवली. समोरच्या दारात वहिनी उभी होती, कान इकडेच.

"तुमचं," ते म्हणाले.

"मोठ्याने म्हणा की!"

"तुमचं," भाऊजी मोठ्याने म्हणाले.

वहिनी आत गेली. नूडलवालीला वाटलं, चिडली. पण ती डबा घेऊन बाहेर आली, चौक ओलांडला आणि डबा तिच्या मांडीवर ठेवला. "वाटेत खा. गरम आहे."

नूडलवालीने झाकण उघडून तिथेच एक घास घेतला. वहिनी तिच्या तोंडाकडे बघत राहिली, भाऊजीही.

"बरं झालंय," नूडलवाली म्हणाली आणि दुसरा घास घेतला.

"हं," वहिनी म्हणाली. "भाऊजी, ती खुर्ची तिरकी राहिली आहे. नीट लावा, मोडेल."