कोपरच्या वळणावरचं पाणी

धर्माशी, कचेरीतल्या साहेबाशी आणि दारच्या भाजीवालीशी एकाच दिवसात भांडून रात्री घोरत पडणारा माणूस अख्ख्या ठाण्यात एकच होता, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या पदरी पडला. हे माझे मेहुणे. मी त्यांना जन्मभर भाऊजी म्हणत आलो. कचेरीत इंग्रजी कागदांचे मराठी तर्जुमे करायचे, अंगाने काटकुळे, पण आवाज असा की नौपाड्यात बोलले तर खाडीवर ऐकू यावं. समोरचा माणूस 'बरोबर आहे तुमचं' म्हणाला की यांचा चेहरा पडायचा. मग ते स्वतःचंच म्हणणं खोडायला बसत आणि त्यातही स्वतःला हरवल्याशिवाय उठत नसत. देवाने त्यांना मूलबाळ दिलं नाही, त्याबद्दलही देवाला त्यांनी तोंडावर सुनावलं होतं. अक्का म्हणायची, "यांच्याशी भांडायला मला वेळ नाही रे, म्हणून संसार चाललाय."

आमच्या ज्ञातीतला एक मुलगा विलायतेहून शिकून आला, तेव्हा त्याला वाळीत टाकायला देवळात सभा भरली. शास्त्रीबुवांनी समुद्र ओलांडल्याचं पाप सांगितलं. भाऊजी उठले. "बुवा, ठाण्याच्या खाडीत नावेत बसलं तर पाप लागतं का?" नाही. "मुंबईच्या बंदरात?" नाही. "मग पुढे नेमकं कुठल्या लाटेला लागतं, तेवढं सांगा." शास्त्रीबुवा म्हणाले, हे विचारणंच पाप आहे. झालं! "मग मीच जाऊन बघून येतो," असं म्हणून भाऊजींनी उपरणं झटकलं आणि घरी आले. आम्हाला वाटलं, दोन दिवसांत विसरतील. त्यांनी नोकरी सोडली, वाडवडिलांची भातखाचरं विकली आणि कल्याण बंदरात एक गलबत बांधायला घातलं. जायचं ठरलं जंगबारला, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. मार्गशीर्षातल्या वाऱ्याने जायचं आणि पावसाळ्याआधी परत यायचं.

आता हा माणूस दर्यावर्दी होता का? छे! झोपाळ्यावर बसला तरी यांना घेरी यायची. मळमळीची सवय व्हावी म्हणून महिनाभर माजघरातल्या झोपाळ्यावर बसूनच जेवले. आमटी निम्मी ताटात आणि निम्मी अक्काने सारवलेल्या जमिनीवर. गलबत बांधणारा पास्कू सुतार चेंदणीकडचा किरिस्ताव होता. तळाला माशाचं तेल फासायची वेळ आली तेव्हा भाऊजींनी त्याच्या हातून कुंचा ओढून घेतला आणि स्वतः कोपरापर्यंत बरबटून घेतलं. घरी येऊन स्नान, संध्या, सगळं यथासांग केलं, पण पुढचे आठ दिवस आळीतली मांजरं यांच्या मागे चालत होती. खलाशी कोळीवाड्यातले, आणि त्यांच्यावर हिरू तांडेल. जन्मापासून पाण्यात असलेल्या या माणसांची भाऊजी ओसरीवर कवायत घेत. खडूने गलबत आखलेलं, अक्काचं लुगडं शिडाच्या जागी बांधलेलं, आणि मधोमध उभे राहून हे ओरडताहेत, "वारा डावीकडून आला!" हिरू तांडेल गंभीर चेहऱ्याने म्हणे, "आला भटजी, आला." कवायत संपली की अक्का त्यांना लाडू द्यायची. वरून, हात न लागू देता.

मग ज्ञातीतली चार वजनदार मंडळी घरी आली आणि उभ्या उभ्या सांगून गेली: गलबत बंदराबाहेर पडलं की या घरात आमचं पाऊल नाही, लग्नाला नाही, मुंजीला नाही आणि मयतालाही नाही. माझं डोकंच फिरलं, पण त्या मंडळींवर नाही, भाऊजींवर! "तुम्ही जाल हो मजेत पाप शोधायला," मी म्हणालो, "इथे अक्काच्या दारात कोण येईल? चैत्रात हळदीकुंकवाला ती काय भिंतींना बोलावणार?" भाऊजी चक्क गोंधळले. "तिला का वाळीत टाकतील? ती कुठे समुद्र ओलांडतेय?" या विद्वान माणसाला खरंच असं वाटत होतं! अक्का पोळ्या लाटत राहिली, पण त्या दिवशी एकही पोळी गोल झाली नाही.

गलबताची चाचणी घ्यायची म्हणून एका सकाळी कल्याण बंदरातून खाडीने खाली निघालो. यायला एकही ब्राह्मण आचारी तयार नव्हता, म्हणून भाऊजी स्वतःच रांधणार होते. त्यांची चूल मांडून द्यायला अक्का आली होती, आणि भांडायला कुणी असावं म्हणून मी. आता गंमत बघा. सगळ्या ज्ञातीला अंगावर घेणाऱ्या या माणसाने आपलं पिण्याचं पाणी वेगळं ठेवलं होतं, सोवळ्यातलं, पितळी हंड्यांत. हिरू म्हणाला, "भटजी, हंडे बांदू का?" तर हे ओरडले, "हात लावू नकोस!" सोवळ्याचा रेशमी कद नेसून स्वतः गाठी मारल्या. डोंबिवली गेली, कोपरचं वळण आलं आणि ओहोटीत गलबत चिखलात रुतून एका अंगावर कललं. भाऊजींच्या गाठी सुटल्या. हंडे गडगडत गेले आणि सगळं सोवळं खाडीला मिळालं.

भरती येईपर्यंत हलायची सोय नाही. वर ऊन, खाली खारट पाणी, आणि भाऊजी ओकून ओकून पांढरे पडलेले. प्यायचं पाणी राहिलं होतं ते फक्त खलाशांच्या लाकडी पिंपात. हिरूने वाटी भरून पुढे केली, पण हात थोडा आखडलेलाच. "पिताव का आमचा पानी?" भाऊजींनी वाटीकडे पाहिलं, मग आकाशाकडे, मग माझ्याकडे. अहो, शास्त्रीबुवांना गप्प करणारा हा माणूस, त्याचा हात काही पुढे होईना! तेवढ्यात अक्का उठली. हिरूच्या हातातून वाटी घेतली, घटाघटा प्यायली, पुन्हा भरून घेतली आणि नवऱ्याच्या तोंडाला लावली.

"प्या. लाट-बीट शोधायला नको आता. लागलं पाप, इथेच, कोपरला. आणि हे बघा, स्वयंपाकाला मी येतेय जंगबारला. इथे बसून कुणाच्या पावलांची वाट बघू मी?"

भाऊजी प्यायले. मीही प्यायलो, आणि पाणी फार गोड लागलं, हे छातीठोकपणे सांगतो. भाऊजी त्या दिवशी भरती येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या आयुष्यात हे एकदाच घडलं.

ती दोघं गेली आणि वैशाखात काळीठिक्कर होऊन सुखरूप परत आली. अक्का लवंगांचं पोतं घेऊन आली आणि आळीत घरोघर वाटायला निघाली. एकाही घराने लवंग घेतली नाही. शब्दाची पक्की माणसं होती ती, नंतरही कधी आली नाहीत. भाऊजी रोज ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला मुद्दाम मोठ्याने हाक मारत. अक्का हसायची. पण चैत्रात हळदीकुंकवाची तबकं घासून ठेवायची, आणि संध्याकाळी तशीच उचलून आत न्यायची, ते मी पाहिलंय. माझा जीव तुटायचा.

अक्का गेली ती पुढे एका श्रावणात, तापाने. भाऊजींनी घरोघर निरोप धाडला. कुणी आलं नाही. विस्तव धरून पुढे चालायला भाऊजी होते. खांदे चार लागतात, आमच्याकडे एकच होता, माझा. आम्ही दोघं तिच्या उशाशी नुसते बसून होतो. दुपार कलली तेव्हा अंगणात माणसं आली. हिरू तांडेल, त्याचा भाऊ आणि पास्कू सुतार. भिजलेले, पायरीखालीच थांबलेले. हिरूने हात जोडले. "भटजी, वयनीला हात लावू का?"

भाऊजी उठले, पायरी उतरले आणि हिरूच्या दंडाला धरून त्याला घरात घेऊन आले.

आळीतली सगळी दारं लावलेली होती. आम्ही अक्काला रस्त्याच्या मधोमध नेलं, सावकाश, आणि भाऊजी पुढे मान ताठ ठेवून रडत चालले होते.