आपांचं धुराचं झाड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही ऐकताय म्हणून सांगते — पण जरा आडवळणानं सांगू द्या.

भूमला आमच्या शेजारी बिल्किसआपा राहायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. हैदराबादच्या बहिणीकडून त्यांनी एक चिमुकलं रोप आणून तेलाच्या डब्यात लावलं होतं. मेथीच्या दाण्याएवढी पानं, पाणीदार देठ. आमच्याकडच्या उन्हात ते टिकायचं नाही, म्हणून डबा मोरीजवळ, ओल्या गोणपाटाच्या सावलीत. त्याची गंमत एकच — पाणी शिंपडलं की इवल्या कळ्या फुटायच्या आणि पराग धुरासारखा उडायचा. माझी मनू तेव्हा पहिलीत. उठली की तोंड न धुता आपांच्या मोरीवर. धूर बघायचा, मग तिथंच चहा-खारी, तिथंच वेणी.

मला बरं वाटायला हवं होतं, नाही का? मी दिवसभर मशीनवर ब्लाउज शिवत बसायचे. पोरीला जीव लावणारं माणूस शेजारी होतं. पण वेणी — मी वेणी घालायला घेतली की मनू म्हणायची, तुला येत नाही. एकदा तापानं फणफणली, तेव्हा हाक आपांना मारली. मी उशाशीच बसले होते. तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. सरळच सांगते, जळले मी.

मग एक दिवस आपांनीच विचारलं, तुझ्या फोनात बघ की, ह्या झाडाला नाव काय. मी फोटो काढला. अंगाला लागलं की आग करणारी झाडं असतात ना, त्यांच्या घराण्यातलं हे, असं फोनमध्ये आलं. आणि त्याच्या खालीच — हे मात्र खाजत नाही, निर्धास्त लावा. मी दोन्ही ओळी वाचल्या. दोन्ही. आपांना पहिलीच सांगितली. वर म्हणाले, धूर पोरीच्या डोळ्यात गेला तर?

यात खोटं काय होतं? घराणं तर तेच होतं ना? असं मी स्वतःला किती वेळा म्हटलं असेन.

आपांचा चेहरा उतरला. "बरं झालं सांगितलंस बाई. पोरीला कायबी झालं असतं तर म्या कुठं तोंड दाखवलं असतं?" त्यांनी डब्यातलं रोप उपटलं. फरशीच्या फटीत उगवलेली पिल्लंसुद्धा खरवडून काढली. मग मनूचे हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले. मी बघत उभी. सुंठीवाचून खोकला गेला, असंच वाटलं मला.

त्यानंतर मात्र आपा पोरीला जवळ घ्यायलाच भ्यायला लागल्या. मनू दाराशी जाऊन उभी राहायची. त्या आतूनच म्हणायच्या, आईकडं जा. पुढं त्या पुतण्याकडं सोलापूरला गेल्या. ईदेला मी फोन करते. त्या मनूचं विचारतात. झाडाचं नाव कुणीच काढत नाही.

आणि आता मलाच त्या सकाळींची ओढ लागलीय. पलीकडून दोघींचं हसू यायचं, ते आठवून जीव कासावीस होतो. कशासाठी नकोसं झालं होतं मला ते? बार्शीच्या, धाराशिवच्या रोपवाटिकांत विचारलं. धूर सोडणारं झाड म्हटलं की माळी हसायचे. यंदा क्रोटनची कुंडी आणली, तर तिच्या मातीत ते आपसूक उगवलं. ओळखायला फोन लागला नाही. मोरीजवळ ठेवलं, वर ओलं गोणपाट — आपांसारखंच.

परवा पाणी शिंपडलं. धूर उडाला. मनू — आता आठवीत आहे — दात घासत मागं उभी होती. मला वाटलं, हसेल. ती मागं सरकली.

"आई, हात नको लावू. आपा म्हणायची, यानं आग होते."

सगळं ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "व्हय."

तिनं माझा हात धरून मला मोरीवर नेलं आणि साबण लावून हात धुतला. पुन्हा धुतला. मी धुऊ दिला.