बेडकीच्या पाल्यासाठी चोपड्याच्या वाटेवर

किल्ले आणि खादाडी शोधत या ब्लॉगवर येणाऱ्यांनो, या वेळी मी पाला आणायला निघाले होते. पोटापाण्यासाठी मी पुण्यात संगणकावर औषधं शोधते. वनस्पतींमधले रेणू पडद्यावर घ्यायचे, आजाराशी संबंधित प्रथिनाच्या खाचेत कोणता नीट बसतो ते पाहायचं आणि क्रम लावायचा. मधुमेहासाठी लावलेल्या क्रमात बेडकीच्या, म्हणजे गुडमार वेलीच्या, पाल्यातला एक रेणू पहिला आला. सगळा वर्ग नापास झाला तरी पहिला कोणीतरी येतोच, तेव्हा फार हुरळून जाऊ नये. पण आता प्रयोगशाळेला खरा पाला हवा होता, आणि तो चोपड्याजवळ माझ्या नानामामांच्या बांधावर आपोआप वाढतो.

नानांना स्वतःला मधुमेह. दिवाळीत हे सांगितलं तेव्हा त्यांनी खोदून खोदून विचारलं होतं, "मानूसवर कव्हय देखतस मंग?"

"अजून उंदरावरही नाही, नाना. काम अडकलंय. वर्षं जातील."

थंडीत जळगावला उतरलात तर आधी भरीत-पुरी खा, मग बाकीचं बघा. स्टँडवर चौकशी केली, तर एक आजोबा म्हणाले, "चोपडानी गाडी आतेच लागी, बस." ती लागेपर्यंत माझा दोनदा चहा झाला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला चाट नाही. खिडकी मात्र उजवीकडची धरा. विदगावला तापी ओलांडली की दोन्ही अंगांना केळीच केळी, घडांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या, आणि अडावदच्या अलीकडून सातपुडा दिसायला लागतो. मी फोटो काढत, मजेत गेले.

नाना ओट्यावर बसले होते, पायावर टॉवेल टाकून. उठले नाहीत. मला बघून हसले आणि बेडकीचं पान हातात दिलं, "चाव." चावलं. मग त्यांनी गुळाचा खडा दिला. हे पान जिभेवरची गोडी मारतं हे मी शंभर वेळा वाचलं होतं, पण गूळ तोंडात मातीसारखा लागला तेव्हा मी लहान पोरीसारखी खूश झाले. तेवढ्यात वास आला. आधी वाटलं गोठ्याचा असेल.

टॉवेल मीच उचलला. अंगठा काळा पडला होता आणि जखम घोट्यापर्यंत चढली होती.

"नाना, इन्सुलिन घेताय ना?"

"दिवाळीपाईन बंद शे. पालाच चावी खास."

"मी सांगी सांगी थकी गऊ," मामी दारातून म्हणाली.

मी ओरडलेच असणार, कारण नाना समजुतीच्या सुरात बोलायला लागले. "बेटा, नवं खत उनं का आम्ही पहिले एकच ओळले टाकी देखतस. आनि त्या ओळनं जुनं खत बंद. दोन्ही संगे टाकात ते गुन कोनना उना, कसं समजी? तुन्हं काम अडकेल व्हतं ना."

केळीच्या बागेत हे शंभर टक्के बरोबर आहे. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. दोन्हींपैकी काहीच केलं नाही. शेजाऱ्यांची गाडी मागवली.

परतीचा रस्ता तोच, फक्त खिडकीकडे पाहिलं नाही. जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय घेत होतात?"

"बेडकीना पाला," नाना ताठ बसून म्हणाले. "मन्ही भाची तेन्हावरच काम करस."

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मामीला म्हणाले, "विष वर चढतंय. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, आजच."

वाचणाऱ्यांत कोणी मधुमेही असेल तर हात जोडून सांगते, चालू औषध स्वतःच्या मनानं थांबवू नका. पान चावून गंमत बघायची तर बघा आणि तिथंच थांबा.

निघताना मामीनं पाल्याची पिशवी माझ्या हातात दिली. नको म्हणायचा धीर झाला नाही. पुण्यात तो पाला सावलीत वाळवला, प्रयोगशाळेत दिला. काम पुन्हा सुरू झालंय. चहा गोड लागला की मला अजून त्या ओट्यावरचा वास येतो.

परवा नानांचा फोन आला. कुबड्यांवर अंगणापर्यंत जातात म्हणे.

"मन्ही ओळ ते गयी," ते म्हणाले. "पन तुले काही समजनं का?"

एका माणसावरून काहीच समजत नाही. पाला कुचकामी आहे, एवढंसुद्धा म्हणता येत नाही. आमच्या कामात नानांचा पाय कुठंच हिशेबात धरला जाणार नाही.

"हो नाना," मी म्हणाले. "समजलं."

"बस मंग," नाना म्हणाले, आणि सध्या केळीला पाणी कोण देतं ते सांगायला लागले.