क्रांती सिस्टरचे मोकळे हात

आमच्या मंगळवार पेठेत कुणाकडं बाळ झालं, की मी पयलं सांगतो, हात धुऊन घ्या. बाया हसत्यात. हसू देत. मी बायडाबाई, स्वतःची पोरं वाढवून म्हातारी झालेली बाई, पण बाळ कसं धरायचं ते मला क्रांती कांबळेनं शिकवलं.

क्रांती म्हंजे राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात, नवजात बाळांच्या खोलीतली सिस्टर. बुटकी, सावळी, आवाज मात्र जिन्यापर्यंत. नवरा चांगला धडधाकट, कागलच्या एमआयडीसीत कामाला. तरी हिच्या हातात एक बांगडी न्हाय. बाकावरच्या बाया त्यावरनं कुजबुजायच्या. तिला ऐकू जायचं, पण तिचं ध्यान आत काचेच्या पेटीतल्या लेकरांवर.

माझी सून निशिगंधा दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. पोरगी ओंजळीत मावंल एवढी. सुनेला झटके यायला लागले म्हणून तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं, लेक तिच्यामागं धावला. नातीजवळ राहिलो मी आन आमचे मालक, पिराजी.

क्रांती बाहेर आली. "आजी, पोरीला उरावरची ऊब पायजे. आई हितं न्हाय, तर तुम्ही बसा. बांगड्या काढा, कोपरापर्यंत हात धुवा."

"बांगड्या न्हाय काढणार. नवरा हाय माझा."

"हाय की. हितंच बसलाय, दिसतोय मला."

"साबणानं घासून धुतो."

"बांगडीखाली हात धुतला जात न्हाय. एवढ्याशा जिवाला तेवढी घाणबी सोसत न्हाय."

मी अडून बसलो. लग्नापासनं हात कधी रिता केला न्हवता. आत पोरगी, हितं चुडा. क्रांतीनं माझा नाद सोडला आन तडक मालकांकडं गेली. "आजोबा, आता तुम्हीच सांगा."

मालकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. चारचौघांत माझा हात धरला, जन्मात पयल्यांदा. "काढ गं. मी कुठं चाललोय?" नळापाशी साबण लावून एकेक बांगडी त्यांनीच उतरवली. क्रांतीनं त्या रुमालात बांधून माझ्या पिशवीत ठेवल्या.

मग तिनं पोरगी माझ्या उघड्या उराशी ठेवली, वरनं फडक्यानं बांधली. हालायचं न्हाय, आवाज करायचा न्हाय. बोळ्यानं मध चाटवायचं नाव काढलं तर अशी बघितली, की मी तो इचार तिथंच सोडला. एके दिवशी पोरगी निळी पडली. श्वासच थांबला. मी क्रांतीच्या नावानं वरडलो. क्रांतीनं मान सरळ केली, तळपायावर टिचकी मारली. पोरीनं आचका दिला आन रडली.

"घाबरायचं ते नंतर, आजी. घरी जाऊन," ती म्हणाली. माझ्या नातीचा जीव तिच्या मोकळ्या हातानं माघारी आणला.

पुढं सून बरी झाली, पोरीनं बाळसं धरलं. बारशाला कासार बोलवला. सगळ्या बायांनी बांगड्या भरल्या, मीबी भरल्या. क्रांती ड्यूटीला जाता जाता आली. कासारानं हात मागितला तर म्हणाली, "नगं मामा, आता लेकरांत जायचंय."

आमची एक लांबची जाऊ बोललीच, "मोकळ्या हातानं पाळण्याजवळ नगं बाई."

मी उठलो. "पोरगी पाळण्यात हीच घालणार. ज्याला पटत न्हाय त्यानं जेवून जावं."

क्रांती मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आली. पाळण्याखालनं बाळ द्यायला एक बाई लागती आन पल्याडनं घ्यायला एक. पल्याड उभी ऱ्हाणार मी. मी मोरीवर गेलो, आत्ताच भरलेल्या बांगड्या साबण लावून उतरवल्या, हात धुतले आन पाळण्याशी आलो. बाया बघतच ऱ्हायल्या. क्रांतीनं खालनं पोरगी दिली, मी घेतली.

मालक दारात बसून हसत हुते, ठणठणीत.