अंगणातली भट्टी

त्यांचं खरं आडनाव बायकोखेरीज फारसं कुणाच्या लक्षात नव्हतं. गवंडीकाम करता करता ते हॉटेलांमधून पिझ्झ्याच्या भट्ट्या बांधायला लागले आणि शहरभर भट्टीकर झाले. मग बायको आपोआप भट्टीकरीण झाली. तिने ते नाव कुरकुर न करता घेतलं. नवरा घरात कमी आणि भट्टीत जास्त असतो, तेव्हा लोकांचं काही चुकत नाही, असं ती म्हणायची.

आणि ते खरोखरच भट्टीत असत. घुमटाची शेवटची वीट बसली की आतले सांधे पुसायला माणसाला भट्टीच्या तोंडातून आत शिरावं लागतं. भट्टीकर अंगाने काटकुळे, त्यामुळे कमरेपर्यंत सहज आत जायचे. बाहेर नुसते दोन पाय. विटा कापायचं चक्र फिरायला लागलं की सगळीकडे पांढरा धुरळा. संध्याकाळी घरी आले की ती त्यांना दारातच उभं करून झाडायची. तोंडाला बांधायला तिने दुपदरी फडकी शिवून दिली होती. ती दिवसभर गळ्यात लोंबत असायची. "गुदमरायला होतं गं त्यात," एवढंच त्यांचं उत्तर.

नवी भट्टी पेटली की हॉटेलवाले त्यांना पहिल्या दिवशी जेवायला बोलावत. ते एकटे कधी गेले नाहीत. बायको आणि लेक बरोबर हव्यातच. त्यामुळे फारशी हौसमौज न परवडणाऱ्या या घरात पिझ्झ्याच्या आवडीनिवडी मात्र श्रीमंतांसारख्या होत्या. भट्टीकरांना साधा आवडायचा. चीज नाही, काही नाही. टोमॅटो, लसूण, तेल, आणि कड अशी फुगलेली की तिच्यावर काळे फोड आलेले. तुकडा तोंडात घालण्याआधी ते तो उचलून खालून बघत. "वरून काय, सगळेच सजलेले असतात," म्हणत. लेकीला मशरूमचा लागायचा. त्यातले ऑलिव्ह ती एकेक वेचून बापाच्या ताटाच्या काठावर ओळीने मांडायची आणि बाप ते निमूट खायचा.

भट्टीकरणीची आवड नवऱ्याला पटण्यासारखी नव्हती. बसस्टँडजवळच्या हॉटेलातला जाडजूड, मऊ, मक्याचे दाणे आणि ढोबळी मिरची घातलेला, चीजची तार सुटता सुटत नाही असा पिझ्झा तिला प्रिय. घरीही ती तसाच करायची. पीठ उन्हात फुगायला ठेवायचं, जाड बुडाच्या तव्यावर थापायचं, वर झाकण. खालून खमंग व्हायचा, वरून मात्र वाफेने ओलसरच राहायचा. भट्टीकर तो बोटाने दाबून बघत आणि विचारत, "खायचाय, की डोक्याखाली घ्यायचाय?" मग तीन-चार तुकडे हाणत. तीही सोडायची नाही. जगाला भट्ट्या बांधून देणाऱ्याच्या बायकोने तव्यावर पिझ्झा भाजावा, याला दिव्याखाली अंधार म्हणतात, असं ऐकवायची. तेव्हा ते मागच्या अंगणाकडे हात करून सांगत, की तिथे बांधतो, एकदा जरा हात मोकळा होऊ दे.

हात मोकळा झाला तो दम लागायला लागल्यावर. आधी जिना चढताना, मग घमेलं उचलताना, मग नुसतं बोलतानाही. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडावर धरून दाखवला. विटांची धूळ वर्षानुवर्षं आत जाऊन बसली होती आणि फुफ्फुसं आतून घट्ट झाली होती. औषधाने खोकला कमी होईल, पण जे घट्ट झालं ते पुन्हा मऊ होणार नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. भट्टीकरांनी विचारलं, आता काम बंद केलं तर? त्या म्हणाल्या, काम तर बंद कराच, पण आता त्याने फरक पडायची वेळ निघून गेलीय.

घरी आल्यावर दोन दिवस ते मागच्या दारात खुर्ची टाकून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी उरलेल्या जुन्या विटा अंगणात आणायला सांगितल्या.

तिने नको नको म्हणून पाहिलं. लेकीने सासरहून येऊन समजावलं. पण ते हट्टाला पेटले की ऐकणारे नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्यांना नुसतं खुर्चीत बसलेलं पाहणं तिलाही जड जात होतं. त्यांनी वीट न कापता भट्टी बांधली. जशा होत्या तशाच विटा तिरक्या-सरळ फिरवून घुमट वळवला. ते स्टुलावर बसलेले, ती विटा हातात देतेय, जावई माल कालवतोय. चार विटा लावायच्या की थांबायचं. पावणेदोन हात रुंदीचं ते काम संपायला अख्खा उन्हाळा गेला. पण त्या दिवसांत ते जेवत होते, चिडवत होते, जावयाच्या हातातली थापी बघून "ही भिंतीला लावायची असते, पाठ खाजवायला नाही," असं म्हणत होते.

नवी भट्टी एकदम तापवत नाहीत, तडकते. रोज थोडा थोडा विस्तव करून आतली ओल काढावी लागते. ते काम भट्टीकरणीने केलं, कारण धुराजवळ जायची त्यांना बंदी होती. ते खिडकीची काच लावून आत बसत आणि लाकूड मागे सरकव, आता पुढे घे, असं हाताने खुणावत.

मग एका रविवारी लेक-जावई आले आणि भट्टी पूर्ण पेटली. पिझ्झा आत सरकवायचं लांब दांड्याचं फावडं तिला कुठलं जमतंय? पहिला पिझ्झा दुमडून निखाऱ्यात पडला. दुसऱ्याचा कोळसा झाला. तिसरा मात्र असा उतरला की जावयाने बाहेरूनच तो काचेपुढे धरून दाखवला. साधा, टोमॅटो-लसणाचा, कडेवर काळे फोड. भट्टीकर काचेआडून हसले. ती ताट घेऊन आत गेली. त्यांनी तुकडा उचलून खालून पाहिला, मान डोलावली आणि घास घेतला.

चावताना तोंड मिटावं लागतं आणि गिळताना श्वास थांबतो, हे धडधाकट माणसाला माहीतच नसतं. दुसऱ्या घासाला त्यांचे ओठ निळे पडले. लेक पाठ चोळायला धावली. बऱ्याच वेळाने दम परत आला तेव्हा त्यांनी ताट बाजूला सारलं.

"खाऊ की श्वास घेऊ?" त्यांनी बायकोला विचारलं. त्यात राग नव्हता. खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं.

तिने ताट उचलून बाहेर नेलं.

थंडी सुरू झाली तसं घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. त्याच्या जवळपास आग चालत नाही, आणि त्या घरात स्वयंपाकाचा ओटा नि खाट यांच्यामध्ये पडदासुद्धा नव्हता. गॅस काढून टाकला. विजेची शेगडी आणली, तर यंत्र आणि शेगडी एकदम लावली की फ्यूज उडायचा. मग घरातलं शिजणंच थांबलं. लेक डबे पोचवायची, कधी बाहेरून काही आणायची. ज्या घरात उन्हात पीठ फुगायचं, तिथे आता नळीतून सुं सुं आवाज तेवढा यायचा.

भट्टीकरांची जीभ या काळात कडू झाली. पातळ करून दिलेलं ते तोंडातून परत काढत. ती चमचा घेऊन बसली की भिंतीकडे वळत. एकदा ती त्यांच्या खाटेपाशी बसून डब्यातलं खात होती. ते बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"माझ्यासमोर बसून खात जाऊ नकोस," ते म्हणाले.

"मग कुठे जाऊ?"

"कुठेही."

तेव्हापासून ती मागच्या अंगणात जाऊन खायला लागली. थंड पडलेल्या भट्टीच्या कट्ट्यावर ताट ठेवायचं आणि उभ्या उभ्या चार घास गिळायचे. चव-बिव काही नाही, पोटाची खळगी भरायची. आतून यंत्राचा आवाज येत असायचा, त्यावर कान.

त्या दिवशी दुपारी लेक घाईत येऊन खोकं देऊन गेली. बसस्टँडजवळच्या हॉटेलातला पिझ्झा, मका आणि ढोबळी मिरचीचा, आईला आवडतो म्हणून. ते झोपले होते. ती खोकं घेऊन अंगणात आली. अजून कोमट होता. कितीतरी महिन्यांनी तिला घासाची चव लागली. मक्याचा गोडवा, चीजचा खारटपणा. तुकडा संपला. आत जायला हवं होतं, पण तिने दुसरा घेतला. ऊन पाठीवर छान लागत होतं. तो तिने सावकाश खाल्ला.

आत आली तेव्हा यंत्र चालूच होतं. नळी नाकात होती. भट्टीकर मात्र गेले होते. हात खाटेवरून खाली लोंबलेला होता, जणू काही शोधत होता. किंवा कुणाला बोलावत असेल. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, झोपेतच गेले, त्यांना कळलंही नसेल. पण झोपलेल्या माणसाचा हात असा खाटेबाहेर येतो का, हे तिने त्यांना विचारलं नाही. दुसऱ्या तुकड्याबद्दलही ती कुणाला बोलली नाही. काय बोलणार? पिझ्झा चांगला होता म्हणून बसले?

पुढे काही महिन्यांनी तिनेच जावयाला भट्टी पाडायला सांगितलं. खिडकीतून सारखी दिसते, म्हणाली. जावई मोठा हातोडा घेऊन आला. घुमटावर घाव घातला की हातोडा टणकन उसळायचा. भट्टीकरांनी दम लागता लागता बांधली होती, पण कसर कुठे ठेवली नव्हती. अखेर पुढची कमान फुटली. पांढरी धूळ उठली आणि त्यात जावयाचं तोंड, केस, भुवया सगळं पांढरं झालं. तो खोकला.

"थांबा," ती दारातून म्हणाली. "जावईबापू, राहू द्या. हातोडा ठेवा खाली."

"अहो आई, थोडंच राहिलंय—"

"राहू द्या म्हटलं ना. आत येऊन तोंड धुवा."

भट्टी तशीच राहिली, पुढून फुटकी, मागून शाबूत. पावसाचं पाणी आत साठतं, पानं कुजतात. खिडकीला तिने जाड कापड लावलं आहे, त्यामुळे घरात दिवसाही दिवा लागतो. गॅस परत घेतलाय, पण एकटीसाठी काय रांधायचं, म्हणून बहुतेक वेळा चहा-पावावर निभावते. लेक दर रविवारी फोन करून विचारते, काय आणू? ती म्हणते, काहीही आण. लेक येते, ताट वाढते, समोर बसते. आई खात नाही म्हणून कधी रडते, कधी रागावते. ती लेकीची समजूत घालत नाही. लेक उठून जाईपर्यंत बसून राहते, मग ताटावर ताट झाकते.